वेट फ्लायचा पंख दर वेळी पलीकडे कलंडतोय? सोलापूरच्या हवेत बांधणाऱ्यांसाठी

फ्लाय, म्हणजे हुकावर पीस आणि धागा बांधून केलेलं किड्यासारखं आमिष, बांधायला बसणारे आपल्याकडे मोजकेच, पण त्यांची तक्रार दर वर्षी एकच. "दादा, पंख परत कलंडलाय." ग्रीनवेल्स ग्लोरी असो, बुचर असो नाहीतर साधी मार्च ब्राऊन, पाण्याखाली चालणारी कुठलीही वेट फ्लाय घ्या, बॉडी झकास झालेली असते, तिच्यावर गुंडाळलेली जरीची रिब सारख्या अंतरावर पडलेली असते, हॅकल, म्हणजे गळ्याशी बांधलेलं पीस, नीट खाली वळलेलं असतं, आणि शेवटी पंखावर धाग्याचा वेढा आवळला की पंख पलीकडच्या अंगाला आडवा होतो नाहीतर मधोमध फाटून झाडूसारखा फिसकटतो. मग सोडवायचं, परत बांधायचं, तेवढ्यात पिसाचे तंतू पार विसकटलेले असतात आणि माणूस वैतागून हुक धरायची व्हाइस बाजूला सारतो.

हा प्रश्न दिसण्यापुरता असता तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. ट्राउट माशाला पंख फाटलाय का अख्खा आहे याचं फारसं काही नसतं, दोनचार मासे लागलेल्या फ्लायचा पंख तसाही चिंध्या होतो आणि तरी ती मासा काढत राहते. पण कलंडलेला पंख म्हणजे एका अंगाला फळी लावल्यासारखं झालं, ती फ्लाय प्रवाहात सरळ न येता गरगर फिरत येते, टिपेटला, म्हणजे फ्लाय बांधलेल्या बारीक दोऱ्याला, पीळ बसतो, आणि थोड्या वेळात लीडरची, म्हणजे पुढच्या सगळ्या दोऱ्याची, अशी गुंतवळ होते की कापूनच टाकावी लागते. हिमाचलातल्या तीर्थनसारख्या नदीवर थंडगार पाण्यात गुडघाभर उभं राहून बधिर बोटांनी लीडर परत बांधत बसायचं म्हणजे सकाळचा निम्मा चांगला वेळ गेला. तिथला सीझन १ मार्चला उघडतो आणि ऑक्टोबरअखेर संपतो, आपण इथून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली आणि पुढं बसनं एवढं लांब जायचं, परमिट काढायचं, आणि डबीतल्या निम्म्या फ्लाय गरगरणाऱ्या निघायच्या, हे परवडत नाही.

तर मुद्दा असा. जवळजवळ सगळे जण पंख बांधायच्या त्या एका क्षणालाच दोष देतात, बोटं जमत नाहीत म्हणतात, आणि तेच तेच व्हिडिओ परत परत बघत बसतात. माझं ठाम मत आहे की दहातल्या आठ पंखांचं नशीब ते हुकावर ठेवायच्या आधीच ठरलेलं असतं. पिसात ओल किती आहे, दोन्ही स्लिप, म्हणजे पिसातून कापलेल्या पट्ट्या, पक्ष्याच्या कुठल्या पंखातल्या आहेत, खालची बैठक, म्हणजे पंख टेकतो ती जागा, कशी झालीय, धाग्यात पीळ किती आहे, या चार गोष्टी बरोबर असतील तर नवख्याच्या हातूनही पंख सरळ बसतो, आणि त्या चुकल्या असतील तर कितीही सराव करा, तो कलंडणारच.

आधी तुमचा पंख नेमका कसा बिघडतोय ते बघा

फ्लाय व्हाइसमध्येच राहू द्या आणि तिच्याकडे समोरून, म्हणजे हुकाच्या डोळ्याच्या बाजूनं बघा. बाजूनं बघून काही कळत नाही, फोटोसुद्धा सगळे बाजूनंच पाठवतात आणि त्यात सगळ्या फ्लाय छानच दिसतात. समोरून बघितल्यावर पंख अख्खा आहे, तंतू एकमेकांना चिकटलेले आहेत, फक्त सगळाच्या सगळा पलीकडे झुकलाय असं दिसलं तर दोष धाग्याचा, पकडीचा नाहीतर स्लिपच्या जोडीचा. तंतू सुटे होऊन पंखा उघडल्यासारखे झाले असतील तर पीस सुकलेलं आहे, नाहीतर बैठकीत खड्डा आहे. पंख वर आकाशाकडे उभा राहिला असेल तर बॉडी डोळ्याच्या फार जवळ नेलीय. आणि बांधताना सरळ होता पण दुसऱ्या दिवशी डबी उघडली तेव्हा वळलेला सापडला, तर ती वेगळीच भानगड आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

पिसाची ओल, आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण

हे फ्लाय बांधण्याच्या बहुतेक पुस्तकांत सापडायचं नाही, कारण ही परंपरा स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंडच्या दमट हवेत वाढलेली. ग्रीनवेल्स ग्लोरी घ्या, ती १८५४ साली ट्वीड नदीवर मासे धरणाऱ्या कॅनन ग्रीनवेल यांच्यासाठी स्प्राउस्टनच्या जेम्स राइटनं बांधली. तिथल्या हवेत पीस आपोआप मऊ राहतं, त्याला मुद्दाम ओल द्यायची गरज कुणाला पडली नसणार. आपल्याकडे मार्चपासूनच हवा कोरडी होत जाते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, दुपारी ओठ फुटतात तिथं बदकाच्या पिसाची काय कथा. पिसाचा प्रत्येक तंतू शेजारच्या तंतूला बारीक बारीक आकड्यांनी अडकलेला असतो, म्हणून तो पत्रा अख्खा दिसतो. पीस कडक सुकलं की तंतू लवचीक राहत नाहीत, धाग्याचा दाब आला की दबायच्या ऐवजी मोडतात किंवा त्या आकड्यांतून निसटतात, आणि पंख फाटतो.

उपाय एकदम सोपा आहे आणि तो घराघरात पडलेला आहे. आपला टेरी नॅपकिन घ्या, ओला करा, घट्ट पिळा, इतका की परत पिळला तर थेंब पडू नये. त्यात उद्या लागणार आहेत तेवढीच पिसं ठेवा, घडी घाला आणि रात्रभर झाकणाच्या डब्यात ठेवून द्या. सकाळी पीस हातात घेतलं की फरक लगेच कळतो, कागदासारखं खुळखुळणारं पीस कापडासारखं वाकतं. घाई असेल तर चहाच्या भांड्याच्या वाफेवर चिमट्यात धरून थोडा वेळ फिरवा, वाकडं झालेलं पीससुद्धा वाफेनं सरळ होतं. त्यानंतर तंतू मुळाकडून टोकाकडे बोटांच्या चिमटीतून हलके ओढून घ्या, म्हणजे सुटलेले आकडे परत अडकतात.

पण ओलं आणि दमट यातला फरक लई महत्त्वाचा आहे. काही जण पीस पाण्यात बुडवून तसंच बांधतात. त्या वेळी पंख सुंदर बसतो, कारण भिजलेले तंतू चिकटून राहतात, पण वाळले की ते आकसतात, त्यांच्यावरचे वेढे सैल पडतात आणि रात्रीतून पंख फिरतो. वर जी वेगळी भानगड म्हणालो, तिचं एक कारण हेच. पिसाला हात लावल्यावर बोट ओलं होता कामा नये.

पंखा बंद करा. मला माहितीय मे महिन्यात सोलापुरात हे सांगणं म्हणजे काय, पण डोक्यावर पंखा फिरत असताना कापलेली स्लिप टेबलावर नीट राहतच नाही आणि दमट केलेलं पीस बघता बघता परत सुकतं. पाण्याचा कुलर असेल तर तो चालू ठेवा, त्यानं खोलीत ओल राहते आणि पिसं खरंच नरम राहतात, फक्त त्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नका, भिंतीकडे वळवा. माझ्या मतानं सगळ्यात चांगलं म्हणजे पंखाच्या फ्लाय गड्डा यात्रेच्या दिवसांतच बांधून घ्यायच्या. जानेवारीत हवा थंड असते, बोटांना घाम नसतो, धाग्याला लावलेलं मेण वितळत नाही, आणि मार्चच्या सीझनला डबी तयार होते. उन्हाळ्यात बसायचंच असेल तर पहाटे बसा, आणि दुपारी नुसत्या हॅकलच्या फ्लाय बांधा.

दोन स्लिप, दोन वेगळे पंख

हे ऐकायला अगदी प्राथमिक वाटतं, पण ज्यांचा पंख काही केल्या सरळ होत नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या स्लिप एकाच पिसातून कापलेल्या असतात. पक्ष्याच्या डाव्या पंखातलं पीस एका बाजूला वळलेलं असतं, उजव्यातलं दुसऱ्या. डाव्यातली एक आणि उजव्यातली एक स्लिप घेऊन त्यांच्या पोकळ बाजू एकमेकींकडे केल्या की दोन्हींचे वळण एकमेकांना अडवतात आणि पंख मधोमध उभा राहतो, चकाकणारी बाजू बाहेर, फिकी बाजू आत. एकाच पिसातल्या दोन स्लिप घेतल्या तर दोघींचं वळण एकाच दिशेला, मग धाग्यानं काहीही केलं तरी पंख त्या दिशेला जाणारच.

ओळखायचं कसं? दोन्ही पिसं पाठ वर, टोक तुमच्यापासून लांब, अशी टेबलावर शेजारी ठेवा. एकाचं रुंद अंग उजवीकडे आणि दुसऱ्याचं डावीकडे आलं तर जोडी जमली. स्लिप नेहमी त्या रुंद अंगातून काढायची, अरुंद अंगाचे तंतू आखूड आणि ताठ असतात, ते पंखाला चालत नाहीत. दोन्ही पिसांत एकाच उंचीवरून कापा, बुडाशी लव असते ती सोडा, अगदी टोकाचं सोडा, मधला पट्टा घ्या. रुंदी नजरेनं न ठरवता सुईच्या टोकानं तंतू मोजून घ्या, दोन्हीत सारखे. बारा नंबरच्या हुकाला स्लिपची रुंदी गॅपच्या, म्हणजे हुकाचं टोक आणि दांडा यांच्यातल्या अंतराच्या, अर्ध्या ते पाऊण इतकी पुरे. रुंद पंख देखणा वाटतो म्हणून लोक मोठा घेतात, पण जितकी स्लिप रुंद तितके जास्त तंतू दाबायचे आणि तितकी फाटायची भीती जास्त.

पीस कुठलं? शिकायला पाळीव बदकाच्या पंखातलं मोठं पीस घ्या, बदकं पाळणाऱ्याकडे मागितलं की मिळतं, दोन्ही पंख अख्खे मागा म्हणजे जोड्या आपोआप जमतात. त्याहून लहान चौदा नंबरच्या हुकासाठी पाळीव कबुतराची गळून पडलेली राखी पिसं फार छान, ग्रीनवेलचा पंख मूळ ब्लॅकबर्ड या पक्ष्याचा असतो, त्याच्या जवळ जाणारी छटा त्यात मिळते. हॅकलला गावठी कोंबडीच्या मानेचं पीस घ्या, वेट फ्लायला ते मऊच हवं, कोंबड्याचं ताठ हॅकल पाण्यात हलत नाही. रानपक्ष्यांच्या वाटेला जाऊ नका, तित्तर, रानकोंबडा, रानबदक यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि असायलाच पाहिजे. आपोआप गळालेलं मोरपीस देशात बाळगायला कायद्यात सूट आहे, त्यामुळे मोरपिसाची बॉडी लागणाऱ्या कोचमन फ्लायची अडचण येत नाही.

आणि सुरुवात मॅलर्ड अँड क्लॅरेट किंवा पीटर रॉसनं करू नका. त्या दोन्हींच्या पंखाचे तंतू मऊ आणि सैल असतात, एकमेकांना नीट अडकत नाहीत, मुरलेल्या माणसाचाही तो पंख फाटतो. आधी बुचर आणि ग्रीनवेल हातात बसू द्या.

बैठक

आता खरी जागा. बॉडी संपते तिथून हुकाच्या डोळ्यापर्यंत जी मोकळी शँक, म्हणजे हुकाचा सरळ दांडा, राहते, ती म्हणजे पंखाची बैठक. ती राहिलेलीच नसते, इथंच निम्म्या फ्लायचं वाटोळं होतं. बॉडी बांधताना हात पुढं पुढं जातो, मग हॅकलला जागा लागते, मग पंखाला उरतो केसभर पट्टा. डोळ्याच्या लांबीच्या निदान दुप्पट जागा मोकळी सोडायची, आणि ती सोडायची बॉडीच्या पहिल्या वेढ्यालाच ठरवून, शेवटी नाही. सवय होईपर्यंत तिथं धाग्याचा एकच वेढा खूण म्हणून ठेवा आणि बॉडी त्याच्या पुढं जाऊ देऊ नका.

जागा असली तरी दुसरी गोष्ट उरते, पायरी. डबिंगची, म्हणजे धाग्यावर पिळलेल्या लवेची, जाड बॉडी जिथं एकदम संपते तिथं एक कडा तयार होते, पंखाचा बुंधा खाली नुसत्या शँकवर आणि पंख वर त्या कड्यावर. धागा आवळला की बुंधा खड्ड्यात ओढला जातो, पंख कड्यावर टेकतो आणि टोक वर उचललं जातं नाहीतर तंतू फाकतात. हे टाळायला बॉडी पुढच्या बाजूला निमुळती करत आणा आणि उरलेली पायरी धाग्याच्या सपाट वेढ्यांनी भरून काढा, बॉडीपासून डोळ्यापर्यंत हलका उतार झाला पाहिजे. नख फिरवून बघा, नख अडकलं तर अजून वेढे हवेत. टिन्सेलची, म्हणजे चकाकत्या पट्टीची, टोकं, रिबचं टोक, हॅकलचा दांडा, हे सगळं शँकच्या खालच्या अंगाला बांधून कापा. वरच्या अंगाला एखादा जरीचा तुकडा जरी उरला तरी त्याच्यावर पंख तराजूसारखा एका बाजूला जातो.

जरीवरून सांगतो, साडीच्या जरीचा धागा रिबला खरोखर चांगला. धाग्याच्या गाभ्यावर चपटी चकाकी गुंडाळलेली, ओव्हल टिन्सेलची रचनाही तशीच. आपल्याकडे पूर्व भागात यंत्रमागाच्या आसपास विचारलं की उरलेली जर मिळते. फक्त बारीक बघून घ्या आणि टोक बांधायच्या आधी गाभ्यावरची चकाकी थोडी उसवून टाका, म्हणजे तिथं गाठ फुगत नाही.

हॅकल पंखाच्या आधी गोल फिरवून बांधत असाल तर वरच्या अंगाचे तंतू दोन्ही बाजूंनी खाली ओढून धाग्याच्या दोन वेढ्यांनी दाबा, आणि तरी जे वर उभे राहतील ते कापून टाका. वर राहिलेल्या तंतूंवर पंख ठेवला तर तो तरंगतो, आणि तरंगणारा पंख फिरणारच. ज्यांना हे जमत नाही त्यांनी हॅकलचा छोटा झुपका गळ्याशी खालून बांधावा, पाण्यात फारसा फरक पडत नाही.

धाग्याचा पीळ

हे सोलापुरात समजावायला सोपं, घरात कुणी ना कुणी मागावर नाहीतर सुताच्या धंद्यात असतंच, धाग्याला एस पीळ असतो नि झेड पीळ असतो हे इथं शाळेत शिकवावं लागत नाही. फ्लाय बांधताना हुकाभोवती धागा गुंडाळत जाल तसा त्याचा पीळ बदलत जातो, बॉडी होईस्तोवर तो दोरीसारखा गोल झालेला असू शकतो. गोल धागा पंखावर आला की तंतूंत रुततो आणि त्यांना आपल्याबरोबर लोळवत पलीकडे नेतो. चपटा धागा पट्ट्यासारखा सगळ्या तंतूंवर सारखा बसतो. म्हणून पंख उचलायच्या आधी बॉबिन, म्हणजे धाग्याचं रीळ धरणारं हत्यार, मोकळी लोंबू द्या आणि वरून बघत घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवा, उजव्या हाताच्या माणसाला सहसा हीच दिशा लागू पडते. धागा उजेडात बघा, चपटा आणि थोडा रुंद दिसायला लागला की थांबा. तुमच्या धाग्याचा उलटा प्रकार असेल तर लगेच कळेल, तो आणखी गोल होईल, मग दुसरीकडे फिरवा.

शिवणकामाचा धागा पंखाला वापरू नका. तो दोन-तीन पदरी, पिळाचा, तो चपटा होतच नाही, आणि जाड असल्यानं डोक्याचा गोळा होतो. ७० डेनियर जाडीच्या आसपासचा, फ्लाय बांधायचा धागा मागवून घ्या, एक रीळ लई दिवस पुरतं, इथं पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. ग्रीनवेलसारख्या फ्लायला पिवळं रेशीम मेण लावून वापरतात, ते मेण रंगासाठी आहे, पिवळ्या रेशमाला हिरवट छटा येते. पण आपल्या उन्हाळ्यात मेण मऊ पडून बोटाला आणि बोटावरून पंखाला लागतं, पंखाचे तंतू त्यात चिकटून ओढले जातात. राळ आणि मधमाशीचं मेण वितळवून घरी करत असाल तर उन्हाळ्यासाठी राळ जास्त घाला आणि तेल घालूच नका. आणि पंखाला घेण्याआधी धाग्याचा मेण लागलेला शेवटचा वीतभर भाग शँकवर संपवून टाका.

आता बोटं

एवढं सगळं झाल्यावरच बोटांकडे या. उजव्या हाताच्या माणसाचा धागा शँकच्या वरून तुमच्याकडून पलीकडे जातो, त्यामुळे तो वरची प्रत्येक वस्तू पलीकडे ढकलणार हे धरूनच चालायचं. त्याला थोपवायला डाव्या हाताची चिमूट असते. दोन्ही स्लिप जुळवून डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा, शँकच्या बरोबर वर, पंखाचं टोक बेंडपर्यंत, म्हणजे हुकाच्या वळणापर्यंत, येईल असं. चिमूट नुसत्या पंखाला धरून नको, बोटांची टोकं दोन्ही अंगांनी शँकलाही टेकलेली पाहिजेत, म्हणजे पंखाला पलीकडे जायला जागाच राहत नाही. आता धागा अंगठा आणि पंख यांच्या मधून वर आणा, वर एक सैल फास राहू द्या, आणि तर्जनी आणि पंख यांच्या मधून खाली न्या. फास अजून सैलच. बोटं घट्ट करा. मग बॉबिन सरळ खाली ओढा, तुमच्याकडे नाही, पलीकडे नाही, सरळ खाली, हळूहळू, श्वास सोडत. तंतू एकावर एक चवड बसल्यासारखे खाली दबतात आणि ते बोटांना जाणवतं, एक बारीक दबका आवाजही येतो.

सगळ्यांत जास्त पंख इथं जातात, कारण माणूस बघायला अधीर होतो आणि बोट उचलतो. उचलू नका. चिमूट तशीच ठेवून अजून दोन-तीन वेळा हेच करा, प्रत्येक फास मागच्याच्या शेजारी, डोळ्याच्या दिशेनं, मागे नाही. एकही वेढा बॉडीवर चढला तर पंख वर उभा राहतो. मग बोट सोडा आणि समोरून बघा.

थोडासाच झुकला असेल तर ओढून सरळ करू नका, तंतू सुटतील. चिमटीत पंखाचा बुंधा धरून शँकसकट हलकाच तुमच्याकडे वळवा आणि वर आणखी एक फास द्या. काही जण आधीच पंख थोडा आपल्याकडे झुकवून धरतात, म्हणजे धाग्यानं ढकलल्यावर तो मध्ये येतो. चालतं ते, पण मी ते नव्या माणसाला शिकवत नाही, कारण किती झुकवायचं हे प्रत्येक धाग्याला आणि प्रत्येक पिसाला बदलतं, आणि मूळ दोष बैठकीत असेल तर तो झाकला जातो.

पंखाला आधीच लवचीक गोंद लावून ठेवायची एक युक्ती फिरत असते. त्यानं पंख फाटत नाही हे खरं, पण तो प्लास्टिकच्या पात्यासारखा ताठ होतो, आणि ताठ पंख जरा जरी तिरका बसला तरी फ्लाय भिंगरीसारखी फिरते. पारंपरिक वेट फ्लायचा जीव तिच्या मऊपणात आहे, तोच काढून घ्यायचा तर ती बांधायची कशाला.

दुसऱ्या दिवशी वळलेला पंख

पीस जास्त ओलं होतं हे एक कारण वर सांगितलं. दुसरं कारण बुंधे कापण्यात असतं. पंख बसल्यावर पुढं आलेले बुंधे लोक एका झटक्यात कापतात, कात्रीनं त्यांना ओढ बसते आणि आतून पंख हलतो, लगेच दिसत नाही. पंख परत चिमटीत धरून ठेवा आणि बुंधे थोडे थोडे, तिरके कापा, डोळ्याकडे उतार होईल असे. मग डोक्याचे वेढे घट्ट द्या आणि व्हिप फिनिश, म्हणजे धाग्याची शेवटची गाठ, करा. तिसरं, वार्निश. आपल्याकडे नेलपॉलिश वापरतात, हरकत नाही, पण उन्हाळ्यात बाटली दोनचारदा उघडली की ती घट्ट होते, थेंब डोक्यावर टिकलीसारखा वाळतो आणि धाग्यात मुरतच नाही. थिनरनं पाण्यासारखं पातळ करा, सुईच्या टोकानं एक थेंब, तो मुरू द्या, मग दुसरा. डोळ्यातलं वार्निश ओलं असतानाच पिसाचा दांडा घालून साफ करा.

तपासणी घरातच होते. बादली भरा, फ्लायला हातभर टिपेट बांधा आणि पाण्यातून सरळ ओढा, आधी हळू, मग जोरात. टिपेटला पीळ पडला की ती फ्लाय ट्राउटच्या डबीत घालायची नाही. उजनीच्या बॅकवॉटरला जात असाल तर तिथं चिलापीवर टाकून बघा, चिलापी छोट्या बुचरला चांगली येते आणि फ्लाय पाण्यात कशी चालते ते निवांत बघता येतं, तिथलं पाणी संथ असल्यानं जी तिथंही फिरते ती डोंगरातल्या प्रवाहात नक्कीच फिरणार.

आणि ज्या आधीच कलंडलेल्या बांधून झाल्यात त्या फेकू नका. पंख थोडाच वळला असेल तर फ्लाय चिमट्यात धरून वाफेवर न्या आणि बोटांनी सरळ करून तशीच वाळू द्या, पुष्कळशा सुधारतात. पार आडव्या झालेल्यांचा पंख बुडाशी अगदी सपाट कापून टाका, खाली बॉडी आणि मऊ हॅकल उरतं, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या स्पायडरच्या जवळची फ्लाय झाली. पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल या बिनपंखाच्याच आहेत आणि ब्राऊन ट्राउटला त्या फार आवडतात. त्या वेगळ्या डबीत ठेवा, डबीत डांबरगोळी टाका, कारण आपल्याकडे पावसाळ्यात पिसांना कसर लागते ती पंख असला नसला बघत नाही.

तरीही पंख जात असेल तर समोरून काढलेला फोटो पाठवा, पंख बांधायच्या आधीच्या बैठकीचा एक आणि नंतरचा एक, आणि धागा कुठला आहे ते लिहा. बाजूनं काढलेल्या फोटोवरून मला काहीच सांगता येणार नाही.